किती झाली, किती राहिली : डॉ. मेबल आरोळे आणि जामखेडची नोंदवही



मी परभणी जिल्ह्यातल्या वालूरला जनरल प्रॅक्टिस करतो. सत्तरी ओलांडलेल्या आजीबाई तपासायला येतात, तेव्हा मी सवयीने विचारतो, मुलं किती? उत्तर एका आकड्यात क्वचितच येतं. आठ झाली, पाच राहिली. सहा झाली, चार राहिली. बोटं मोडत, आवाज न चढवता त्या हे सांगतात. राहिली नाहीत ती कशाने गेली, असं विचारलं तर कुणी जुलाब सांगतं, कुणी गोवर, कुणी धनुर्वात. बऱ्याच जणी नुसता हात हलवतात. त्यांतली काही बाळं बारशाआधीच गेलेली असतात. त्यांचं नाव कुठल्याच कागदावर आलेलं नसतं.

तुम्हाला कदाचित ठाऊक नसेल, पण लोकसंख्येचा अभ्यास करणारेही नेमका हाच प्रश्न विचारतात. जनगणनेतही विवाहित स्त्रियांना हे दोन आकडे विचारले जातात : एकूण किती मुलं जन्मली आणि त्यांतली किती हयात आहेत. या दोन आकड्यांमधल्या फरकावरून एखाद्या भागात बालमृत्यू किती होते, याचा अंदाज बांधता येतो.

आज मी तुम्हाला अशा एका डॉक्टरबाईंविषयी सांगणार आहे, ज्यांनी हा फरक कमी करण्यात आयुष्य घालवलं. वालूरहून पाथरी, माजलगाव, बीड करत पुढे गेलं की जामखेड लागतं. तिथल्या डॉ. मेबल आरोळे. त्यांना जाऊन पंचवीसहून जास्त वर्षं झाली. नाव अनेकांनी ऐकलेलं असतं, काम नेमकं काय होतं ते मात्र थोड्यांना माहीत असतं.

जबलपूर ते वडाळा

मेबल इमॅन्युएल यांचा जन्म २६ डिसेंबर १९३५ रोजी जबलपूरला झाला. वडील तिथल्या धर्मशास्त्र महाविद्यालयात प्राध्यापक होते. मेबल वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शिकल्या आणि १९५९ साली एमबीबीएस झाल्या. त्याच कॉलेजात रजनीकांत आरोळे शिकत होते. ते आपल्या अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातले. १९६० साली दोघांचं लग्न झालं. खेड्यातल्या, सगळ्यांत मागे राहिलेल्या माणसांसाठी काम करायचं, हे त्यांनी लग्नाच्या वेळीच ठरवलं होतं.

सुरुवातीची काही वर्षं दोघांनी अहमदनगर जिल्ह्यातल्या वडाळ्याच्या मिशन हॉस्पिटलात काढली. रुग्णांची रीघ असायची. काम चोख चाललं होतं. पण एक गोष्ट त्यांना टोचू लागली. जुलाबाने सुकलेलं मूल सलाईन लावून बरं करायचं, घरी पाठवायचं आणि महिन्या-दोन महिन्यांनी तेच मूल पुन्हा तसंच परत यायचं. बहुतेक आजार टाळता येण्यासारखे होते. आणि हॉस्पिटलच्या दारापर्यंत जे पोहोचतच नव्हते, त्यांचा तर हिशेबच नव्हता.

हा मुद्दा नीट समजून घ्या. दवाखान्याच्या रजिस्टरमध्ये फक्त आलेल्यांची नोंद असते. न आलेली बाळंतीण, घरीच गेलेलं बाळ त्यात दिसत नाही. एखादा डॉक्टर वर्षभर मन लावून काम करू शकतो, त्याच्या खोलीतले सगळे रुग्ण बरे होऊ शकतात आणि तरीही गावातले मृत्यू होते तेवढेच राहू शकतात.

आरोळे दांपत्य पुढे अमेरिकेत शिकायला गेलं. दवाखान्यातल्या प्रशिक्षणानंतर दोघांनी जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास केला. तिथे डॉ. कार्ल टेलर त्यांचे शिक्षक होते. रुग्ण एकेकटा न पाहता सगळ्या वस्तीचं आरोग्य कसं मोजायचं, हे ते तिथे शिकले. आणि १९७० साली परत आले.

जामखेड, १९७०

जामखेड तेव्हा अतिशय दुष्काळी तालुका होता. पाणी नाही, रस्ते नाहीत, कामासाठी माणसं बाहेर जायची. तिथल्या पुढाऱ्यांनी त्यांना बोलावलं आणि जनावरांच्या दवाखान्याची एक जुनी, पडीक इमारत दिली. काम तिथे सुरू झालं. नाव ठेवलं सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प.

दवाखाना उघडण्याबरोबर त्यांनी गावं मोजायला घेतली. घरोघरी माणसं किती, गरोदर बायका किती, पाच वर्षांखालची मुलं किती, त्यांची वजनं किती, वर्षात जन्म किती झाले आणि मृत्यू किती.

जे हाती आलं ते असं होतं. १९७१च्या सुमारास या गावांतला अर्भकमृत्यू दर होता १७६. म्हणजे जिवंत जन्मलेल्या दर हजार बाळांपैकी १७६ बाळं पहिला वाढदिवस पाहत नव्हती. साधारण दर सहा बाळांमागे एक. पाच वर्षांखालच्या मुलांपैकी सुमारे ४० टक्के मुलं कुपोषित होती. गरोदरपणी तपासणी झालेल्या स्त्रिया शंभरात एकही नव्हती. सुरक्षित बाळंतपणाचंही तसंच.

या आकड्यांचा अर्थ मेबलताईंना बायकांशी बोलून कळत गेला. बाळ मोठं झालं तर बाळंतपण अडेल, या भीतीने गरोदर बाई कमी जेवायची. पहिलं चिकाचं दूध पिळून टाकलं जायचं. नाळ हाताशी येईल त्या विळ्याने कापली जायची. जुलाब लागलेल्या मुलाचं पाणीच तोडलं जायचं. यातलं एकही कारण महागडं नव्हतं. एकासाठीही मोठ्या हॉस्पिटलची गरज नव्हती.

लोकांना हवं होतं पाणी

पण इथे एक अडचण आली, आणि ती आपण सगळ्या डॉक्टरांनी लक्षात ठेवावी अशी आहे. लोकांना आरोग्यतपासणी नको होती. त्यांना पाणी आणि धान्य हवं होतं. त्यातच १९७२चा दुष्काळ पडला. आमच्याकडची जुनी माणसं आजही वय सांगताना बहात्तरच्या आधी की नंतर, असं मोजतात. आरोळे दांपत्याने मग आधी त्याच मागण्या हातात घेतल्या. मुलांसाठी गावोगावी सामुदायिक स्वयंपाक सुरू झाला, कूपनलिका खोदल्या गेल्या. त्यांतल्या कितीतरी मुद्दाम दलित वस्तीत घेतल्या, म्हणजे पाण्यासाठी बाकीच्या गावाला तिथे जावं लागावं. पुरुषांना एकत्र आणायला व्हॉलीबॉलचे खेळ झाले, त्यातून शेतकरी मंडळं उभी राहिली. बायकांची महिला मंडळं झाली.

वैद्यकीय शिक्षण घेतलेल्या माणसाला हे सगळं आडवाटेचं वाटू शकतं. पण जुलाबाने मरणाऱ्या मुलाचं औषध स्वच्छ पाणी हेच असतं, आणि ज्या घराची आरोग्यसेविकेशी ओळख नाही, ते घर आपल्या गेलेल्या बाळाबद्दल तिला काही सांगत नाही.

वही कोणाच्या हातात

सुरुवातीला गावात नर्स ठेवून पाहिल्या. ते जमलं नाही. शिकलेली, बाहेरची, तरुण बाई खेड्यात एकटी कशी राहणार? आणि राहिली तरी गावातल्या बायका तिच्याशी मोकळेपणी कशा बोलणार? तेव्हा उलटा विचार झाला. गावानेच गावातली एक बाई निवडायची, तिला शिकवायचं.

ज्या बायका आल्या त्यांतल्या अनेकींना लिहिता-वाचता येत नव्हतं. अनेक दलित होत्या, काही नवऱ्याने टाकलेल्या, काही विधवा. दर आठवड्याला त्या जामखेडला यायच्या, मुक्काम करायच्या, वेगवेगळ्या जातींच्या बायका एकत्र जेवायच्या, शिकायच्या आणि परत जायच्या. शिकवण्याचं मोठं काम मेबलताईंकडे होतं. वजन कसं करायचं, गरोदर बाई कशी तपासायची, साखर-मिठाचं पाणी कसं करायचं, स्वच्छ बाळंतपण कसं करायचं आणि कुठली केस आपल्या हातातली नाही, ती लगेच कशी पाठवायची. अक्षर येत नसेल तर पाठ करून, गाण्यातून, चित्रांवरून.

या बायकांचं सगळ्यांत मोठं बळ म्हणजे त्यांची माहिती. कुणाची पाळी चुकली, कुणाची सून माहेरी गेली, कुणाचं बाळ दोन दिवस अंगावर पीत नाही, हे त्यांना विचारावं लागत नव्हतं. जी खबर शहरातून आलेल्या पाहणीवाल्याला कधी मिळाली नसती, ती पाणवठ्यावर आपोआप मिळत होती. प्रकल्पाची फिरती तुकडी जीपमधून गावात आली की ही बाई सांगायची, आज या तीन घरी चला. गावाची माहिती गावातच फळ्यावर लिहिली जायची : जन्म किती, मृत्यू किती, लसी किती जणांना दिल्या.

आता फरक पाहा. सरकारी तक्त्यात आकडा वर जातो : गावातून तालुक्याला, तिथून जिल्ह्याला, मुंबईला. वर्षाने त्याचं पुस्तक निघतं. जामखेडमध्ये आकडा आधी गावालाच दिसायचा. या महिन्यात दोन मुलं जुलाबाने गेली हे फळ्यावर आलं की पुढचा प्रश्न गावच विचारायचं, ती कुठल्या विहिरीचं पाणी पीत होती?

१७६चे ५२

१९७६ साली, म्हणजे पाचच वर्षांत, या गावांतला अर्भकमृत्यू दर ५२वर आला होता. गरोदरपणी तपासणी होणाऱ्या स्त्रियांचं प्रमाण ८० टक्क्यांच्या आसपास पोहोचलं होतं. पुढची उतरण सावकाश होती. १९९०च्या दशकाच्या मध्याला दर २६ होता आणि कुपोषित मुलांचं प्रमाण ५ टक्क्यांच्या घरात आलं होतं.

१९७५ साली जागतिक आरोग्य संघटनेने जगभरातल्या अशा कामांवर एक पुस्तक काढलं, त्यात जामखेडवर आरोळे दांपत्याचं प्रकरण होतं. १९७८ साली अल्मा-आटा इथे अनेक देशांनी प्राथमिक आरोग्यसेवेचा जाहीरनामा केला, तेव्हा जामखेडचं उदाहरण जगापुढे होतं. १९७९ साली दोघांना रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आज तुमच्या गावात आशाताई आहे, तिच्यामागे अशाच कामांचा अनुभव आहे.

या आकड्यांवर किती विश्वास ठेवायचा?

हा प्रश्न तुम्ही विचारायलाच हवा. स्वतःच्या कामाचे आकडे स्वतःच गोळा केले तर चूक राहू शकते. शिवाय त्याच काळात महाराष्ट्रभर रस्ते, लसी, शाळा येत होत्या. मग श्रेय कोणाचं?

याचं उत्तर शोधायला पुढे संशोधकांनी जामखेड प्रकल्पातली गावं आणि शेजारची प्रकल्पाबाहेरची गावं यांची तुलना केली. बायकांना पुन्हा तेच विचारलं, किती झाली, किती राहिली आणि केव्हा. २०१० साली छापून आलेल्या या अभ्यासात प्रकल्पाच्या गावांत पाच वर्षांखालच्या मुलांच्या मृत्यूचा धोका सुमारे ३० टक्क्यांनी कमी दिसला. म्हणजे सगळीकडेच सुधारणा होत होती, पण जामखेडच्या गावांत ती जास्त होती. कौतुकापेक्षा मला हे उत्तर जास्त मोलाचं वाटतं.

आणखी एक गोष्ट. दर हा मोठ्या लोकसंख्येसाठी असतो. हजार वस्तीच्या गावात वर्षाला समजा वीस बाळंतपणं होतात. त्यांत एक बाळ गेलं तर दर होतो ५०, दोन गेली तर १००, एकही गेलं नाही तर शून्य. एवढ्या छोट्या गावात दराची चढउतार पाहण्यात अर्थ नाही. तिथे पाहायचं ते प्रत्येक मृत्यूचं कारण : कुठलं घर, कुठला दिवस, मदत मागायला उशीर कुठे झाला, घरात निर्णय घेताना, वाटेत गाडी मिळेपर्यंत की दवाखान्यात उपचार सुरू होईपर्यंत. माता-मृत्यूंचा तपास आज सरकारी यंत्रणेतही याच रीतीने होतो. जामखेडच्या बायका हे पोथी न वाचता करत होत्या.

शेवटची वर्षं

१९८९च्या सुमारास मेबलताई युनिसेफच्या दक्षिण आशिया विभागाच्या आरोग्य सल्लागार म्हणून काम करू लागल्या. जामखेडला शिकलेलं त्यांनी शेजारच्या देशांपर्यंत नेलं. १९९० साली दोघांना पद्मभूषण मिळालं. १९९४ साली जामखेडच्या कामावर दोघांनी मिळून लिहिलेलं पुस्तक प्रसिद्ध झालं. सप्टेंबर १९९९मध्ये मेबलताई गेल्या, तेव्हा त्या ६३ वर्षांच्या होत्या. डॉ. रजनीकांत २०११ साली गेले. काम त्यांच्या पुढच्या पिढीने चालू ठेवलं.

त्याच १९९९च्या डिसेंबरात गडचिरोलीच्या सर्च संस्थेचा नवजात बाळांवरचा अभ्यास लॅन्सेट या नियतकालिकात आला. गावातल्याच बायकांनी घरी जाऊन बाळांची नोंद ठेवली, काळजी घेतली, जंतुसंसर्गावर उपचार केले, आणि नवजात मृत्यू निम्म्याहून जास्त कमी झाले. गावातल्या बाईच्या हातातल्या वहीने काय होऊ शकतं, हे महाराष्ट्रात असं एकदा नाही, दोनदा सिद्ध झालं.

मी हे का सांगतोय

खरं सांगतो, नवा एमबीबीएस झालो तेव्हा महिन्याचा तक्ता मला कारकुनी काम वाटायचं. घाईघाईने सही करून मी पेशंटकडे वळायचो. मग एकदा ऊसतोडीहून परतलेली एक बाई आठव्या महिन्यात झटके येत असताना आणली गेली. रक्तदाब भयंकर वाढलेला. चार महिने तो कुणी मोजलाच नव्हता. गावच्या यादीत तिच्या नावापुढे बाहेरगावी एवढंच लिहिलं होतं, आणि ज्या कारखान्याच्या हद्दीत कोप होती, तिथल्या यादीत तिचं नावच नव्हतं. ती वाचली. बाळ वाचलं नाही. ज्या तक्त्यांवर मी डोळे झाकून सह्या करत होतो, त्यात बाहेरगावी असे शेरे किती होते, हे मी त्यानंतर मोजलं.

२०२०च्या सरकारी नमुना नोंदणीप्रमाणे महाराष्ट्राचा अर्भकमृत्यू दर १६ होता. जामखेडच्या १७६ पुढे हे फार मोठं यश आहे. पण आता जी बाळं जातात, ती बरीचशी अशाच यादीतून निसटलेल्या घरांतली असतात, असा माझा अनुभव आहे.

तुम्ही काय करू शकता?

* पाळी चुकली की १२ आठवड्यांच्या आत नाव नोंदवा. दृष्ट लागेल, लोकांत बोभाटा होईल म्हणून चौथ्या-पाचव्या महिन्यापर्यंत लपवू नका. आशाताईला एकटीला सांगितलं तरी चालतं.
* निदान चार तपासण्या करा. प्रत्येक वेळी रक्तदाब, वजन, हिमोग्लोबिन आणि लघवीची तपासणी झाली का आणि ती कार्डावर लिहिली का, हे पाहा.
* ऊसतोडीला, वीटभट्टीला किंवा माहेरी जाणार असाल तर आशाताईला आधी सांगा. कुठे जाणार, कधी परतणार, कुठला फोन लागेल. माता-बाल कार्ड सोबत न्या. तिथल्या आशाताईला किंवा आरोग्य केंद्रात ते दाखवा.
* आशाताई बाळ पाहायला येईल तेव्हा तिला आत येऊ द्या. दवाखान्यात बाळंतपण झालं असेल तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी तिची भेट ठरलेली असते. सुवेर किंवा सोवळं म्हणून तिला दारातून परत पाठवू नका.
* जन्माची नोंद २१ दिवसांत करा. या मुदतीत ती विनाशुल्क होते. बाळ गेलं तरी जन्म आणि मृत्यू दोन्हींची नोंद करा. बाळ मृत जन्मलं तरी तीही नोंद होते. हे करणं जड जातं, मला माहीत आहे. पण पुढच्या बाळंतपणात डॉक्टरला त्या नोंदीचा उपयोग होतो.

लगेच दवाखाना गाठा किंवा १०८ला फोन करा :

* गरोदरपणी अंगावरून रक्त जाणं, जोराची डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, चेहऱ्यावर किंवा हातांवर सूज, झटके, ताप, पाणमोट फुटणं, बाळाची हालचाल कमी होणं
* बाळंतपणानंतर जास्त रक्तस्राव, ताप, घाण वासाचा स्राव
* बाळ दूध ओढत नसेल, अंग गार किंवा तापलेलं असेल, श्वास भरभर चालत असेल, छाती आत ओढली जात असेल, तळहात-तळपाय पिवळे दिसत असतील

आता माझ्याकडे ज्या सुना-लेकी येतात, त्यांनाही मी तोच प्रश्न विचारतो. बहुतेक जणी एकच आकडा सांगतात. दोन झाली, दोन्ही आहेत, असं फोडून सांगायची त्यांना गरजच वाटत नाही. शेजारच्या खुर्चीवर बसलेल्या सासूला मात्र कधीकधी आपले दोन आकडे आठवतात आणि ती गप्प होते. उद्या आशाताई दारात आली, तिने वही काढली आणि तेच ते प्रश्न पुन्हा विचारले, तर कंटाळू नका. पाच मिनिटं द्या, खरं ते सांगा, आणि तिने ते लिहिलं का, हेही पाहून घ्या.

(हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. तुमच्या तब्येतीविषयीचा निर्णय तुमच्या डॉक्टरांना विचारूनच घ्या.)